यादीत नसलेलं झाड

या डॉक्टरसाहेब, इकडून.
पायाखाली बघा, चिखल आहे.
शिकलेल्या माणसाला इथे आम्ही डॉक्टरच म्हणतो,
त्यानं नाडी बघितली नाही तरी.

तुमच्या कागदावरची ओढ्याकाठची पट्टी ती हीच:
तीस मीटर रुंद, दोन हजार एकशे चाळीस रोपं.
मी लावली. मी, मारिल्झा, आणि एक मुका पोरगा
ज्याचं नाव पगारपत्रकात वेगळंच होतं.
ते लिहू नका.

मोजा. इपे, जातोबा, इंगा.
प्रत्येकाला पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्यावर आकडा.
मलाही होता आकडा, फडात होते तेव्हा:
दिवसाला सात टन.

तेव्हा ऊस आधी पेटवायचे.
रात्री आग, पहाटे कोयता.
मग गावावर काळं काहीतरी उतरायचं, हलकं,
चिमटीत धरलं की नसायचंच.
कोळशाचं पिल्लू म्हणायचो आम्ही त्याला.
साबण संपायचा, पिल्लं संपायची नाहीत.
माझ्या आईनं जन्मात पांढरी चादर
उन्हात वाळत घातली नाही.
चुलीमागे घालायची, चोरून आणल्यासारखी.

मग तुमच्यासारखे कुणी आले. म्हणाले, जाळायचं नाही.
चांगलं म्हणाले. खोटं कशाला बोलू?
पाचट जमिनीवर राहतं आता, ओल धरतं,
उचकटलं की खाली गांडुळं.
पण न जाळलेल्या उसाचं पातं हाताला सोलतं,
तोड उरकत नाही,
म्हणून यंत्र आलं.
एक यंत्र, ऐंशी माणसं.

जेनिवाल्दो त्या ऐंशींतला.
कोयत्याला तेल लावलं त्यानं, गोणपाटात गुंडाळला,
आणि उत्तरेकडची बस धरली, पियाउईची,
आला होता तिकडेच.
पोचल्याचा फोन आला.
त्यानंतरचे फोन त्याच्या बहिणीचे.

कारखान्याच्या फाटकावर पाटी आहे, बघितलीत ना,
टिकाऊ साखर.
मला हसू येतं.
माझ्या डब्यात मुंग्यांपुढे दोन दिवस टिकत नाही.

आणि चादर, हो, पांढरी वाळते आता.
कधी कधी तशीच उभी राहते तिच्यासमोर,
बादली हातात,
बरं वाटतंय की काय वाटतंय
ते न कळून.

थांबा इथे. सतराशे तीन.
बिल्ला बरोबर आहे, झाड ते नाही.
खरं रोप मुंग्यांनी नेलं
एका रात्रीत, पानन्‌पान, मिरवणुकीनं.
त्या जागी हा पेरू आला, आपोआप.
आपोआप म्हणजे,
इथेच तर बसायचो आम्ही जेवायला.
पहाटे तीनला भरलेला डबा, अकराला गारढोण.
भात, घेवडा, शेवटी पेरू.
बिया तो ओढ्याकडे थुंकायचा
आणि माझ्याकडे बघायचा, लांब कुणाची जाते ते.
त्याचीच बी असेल असं काही नाही.
एखाद्या पाखरानंही टाकली असेल.
वर्षं किती झाली मध्ये.

यादी चाळलीत तुम्ही, पेरू त्यात नाही.
मला माहीत होतं.
लिहा: विसंगती, एक.
तुमचं काम आहे, मी कशाला रागावू?
दुरुस्तीला नव्वद दिवस मिळतात, तेही माहीत आहे.
मागच्या खेपेला तेलाच्या डब्यांसाठी मिळाले होते.

नव्वद म्हणजे पुष्कळ.
ही खालची फांदी वाकवा.
हा पिवळा, हा झालाय.
पेन ठेवा की जरा खिशात.
आणि बिया थुंकायच्या झाल्या
तर तोंड ओढ्याकडे करून.
लांब.
त्याहून लांब.